भट्टी पेटवण्याआधी थांबा! किल्ल्याच्या एका गेमकडून शिकूया भंगाराचा हिशेब



भंगाराच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात एक विचार येतोच. “भंगार गोळा करून विकायचं, किलोमागे दोन-चार रुपये सुटणार. त्यापेक्षा छोटी भट्टी टाकू, स्वतःच धातू वितळवू, लाद्या पाडू आणि थेट कारखान्याला विकू. मधला दलाल गेला की पैसाच पैसा!”

ऐकायला एकदम बरोबर वाटतं. म्हणूनच आज या विचाराचा नीट हिशेब करायचाय. आणि हा हिशेब समजावण्यासाठी मी तुम्हाला आधी एका कॉम्प्युटर गेममध्ये नेणार आहे. हसू नका! ज्या गेममध्ये तासन् तास घालवले म्हणून घरात बोलणी बसतात, त्यातल्याच एका गेममध्ये धातूच्या पुनर्वापराचं गणित फार प्रामाणिकपणे मांडलंय. तिथे चूक झाली तर फक्त किल्ला पडतो. इथे चूक झाली तर तुमचं भांडवल जातं. म्हणून तिथलं शिकून घेऊ आणि मग आपल्या राजोडी-वसईच्या जमिनीवर उतरू.

गेम कुठला, आणि त्याचा भंगाराशी काय संबंध?

गेमचं नाव ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’. टार्न अॅडम्स आणि झॅक अॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी तो बनवला. २००६ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला. पुढची सोळा वर्षं तो फुकट होता आणि खेळणाऱ्यांच्या देणग्यांवर या भावांचं घर चाललं. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांसह नवी आवृत्ती विकायला काढली, आणि पहिल्याच महिन्यात जवळपास पाच लाख प्रती खपल्या. धीर धरून एकच माल सुधारत राहिलं तर काय होतं, याचं हे उदाहरण वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे. आज फक्त भट्टी.

गेममध्ये तुमच्याकडे सात बुटके असतात. डोंगर खोदायचा, किल्ला उभारायचा, खाणं-पिणं सांभाळायचं, शत्रू आला की लढायचं. हत्यारं आणि चिलखतं बनवायला लोखंड लागतं. पण गंमत अशी की काही जागी जमिनीत लोखंडाचा खडकच नसतो. मग लोखंड आणायचं कुठून?

शत्रूकडून! गॉब्लिन नावाचे राक्षस किल्ल्यावर चाल करून येतात. ते मेले की त्यांची लोखंडी हत्यारं आणि चिलखतं मैदानात पडून राहतात. खेळणारे ती गोळा करतात, भट्टीत वितळवतात आणि लोखंडाच्या लाद्या काढतात. या ‘खनिजाला’ खेळणाऱ्यांनी गमतीने नावही दिलंय: गॉब्लिनाइट. म्हणजे ज्याच्याकडे खाण नाही, त्याची खाण म्हणजे भंगार.

आता या भट्टीचे चार नियम लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे.

१. बहुतेक वस्तू वितळवल्या की बनवताना लागला होता त्यापेक्षा कमी धातू हाती येतो.

२. साध्या भट्टीत प्रत्येक वस्तूमागे इंधनाचा एक नग जळतो. मग ती वस्तू छोटी असो वा मोठी.

३. छोट्या वस्तूतून पूर्ण लादी निघत नाही. लादीचा काही भाग निघतो आणि तो भट्टीच्या खात्यात जमा राहतो. पूर्ण लादीइतका साठा झाला की मगच लादी बाहेर पडते.

४. वस्तू किती सुबक आहे याच्याशी भट्टीला काही देणंघेणं नाही. उत्तम कारागिराची तलवार आणि शिकाऊ पोराची तलवार वितळवली तर धातू सारखाच. व्यापाऱ्यांच्या तांड्याला विकायला गेलात तर मात्र सुबक तलवारीला कित्येक पट किंमत.

चौथा नियम परत एकदा वाचा. भट्टी कारागिरी खाते आणि फक्त वजन परत देते. आजच्या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता राजोडीत या

समजा तुम्ही राजोडीचे आहात. नालासोपारा पश्चिमेला, समुद्राच्या कडेला घर. मागे थोडी मोकळी जागा. हातात लाख-दीड लाखाचं भांडवल. तुमच्या आसपास धातू कुठे कुठे आहे ते बघा.

एक, किनाऱ्यावरची रिसॉर्ट आणि घरगुती लॉज. त्यांची जुनी पातेली, खाटा, खुर्च्या, गेट, ग्रिल. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड लवकर गंजतं, त्यामुळे ही मंडळी सामान वरचेवर बदलतात.

दोन, वाड्या. विहिरीवरचे पंप, मोटारी, पाइप, व्हॉल्व्ह.

तीन, अर्नाळ्याच्या बाजूची मासेमारी. बोटींच्या इंजिनाचे भाग, पंखे, साखळ्या.

चार, नवी बांधकामं. सळयांचे तुकडे, खिळे, जुन्या इमारतींच्या खिडक्यांचं अॅल्युमिनियम.

आणि पाच, सगळ्यात मोठी खाण: रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलात की वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातले औद्योगिक गाळे. तिथे लेथ चालतात, प्रेस चालतात, पत्रा कापला जातो. रोज चुरा पडतो, कातरण पडते, फसलेला माल पडतो.

राजोडीत लोखंडाची खाण नाही. पण गॉब्लिनाइट भरपूर आहे! प्रश्न एवढाच, की त्याचं करायचं काय? भट्टीचं उत्तर शेवटी बघू. त्याआधी तीन पायऱ्या आहेत, आणि खरा पैसा त्याच पायऱ्यांवर आहे.

पहिली पायरी: मोडीत काढण्याआधी विचारा, “ही वस्तू अजून वस्तू म्हणून विकता येईल का?”

आपल्या भाषेत ‘मोडीत काढणे’ हा शब्द उगाच नाही आला. भांड्याच्या दुकानात जुनं पितळी पातेलं दिलं की दुकानदार मोडीचा भाव लावतो, वर घट धरतो. पातेलं बनवताना तांबटाने घातलेले घाव, आकार, झिलई, सगळं शून्य. फक्त वजन.

याच वसईतली मोठी गोष्ट बघा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. किल्ल्यातल्या आणि आजूबाजूच्या चर्चमध्ये मोठमोठ्या ओतीव घंटा होत्या. घंटेचा धातू म्हणजे तांबं आणि कथील यांचं मिश्रण, आणि त्या काळात तोफाही याच जातीच्या धातूच्या ओतल्या जात. युरोपात लढाईच्या वेळी घंटा वितळवून तोफा ओतल्याची उदाहरणं आहेत. वसईच्या कित्येक घंटा मात्र मराठ्यांनी अखंड नेल्या आणि विजयाची खूण म्हणून देवळांत टांगल्या. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ, भीमाशंकर, वाईजवळचं मेणवली इथे त्या आजही बघायला मिळतात. ‘नारोशंकराची घंटा’ हे शब्द तर आपल्या बोलण्यातच आले.

पावणेतीनशेपेक्षा जास्त वर्षं झाली. त्या घंटा तेव्हाच वितळवल्या असत्या तर वजनाइतका धातू मिळाला असता आणि हिशेब तिथेच संपला असता. अखंड राहिल्या म्हणून त्यांचं मोल टिकलं, किंबहुना वाढलं. जिंकलेल्या मालातलं काय वितळवायचं आणि काय जसंच्या तसं ठेवायचं, हा निर्णय वजनकाट्यावर होत नाही.

आता हाच विचार आपल्या पंपावर लावू. पुढचे सगळे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. धातूचे भाव रोज बदलतात, तुमच्या दिवसाचे भाव घालून हिशेब पुन्हा करा.

समजा एका वाडीतून बंद पडलेला १४ किलोचा पंप ५० रुपये किलोने घेतला. खर्च ७०० रुपये. तुमच्यासमोर तीन रस्ते.

पहिला रस्ता: तसाच मोठ्या भंगारवाल्याला ६० रुपये किलोने दिला. ८४० रुपये आले. सुटले १४०.

दुसरा रस्ता: फोडला. आतून दीड किलो तांबं निघालं, ६०० रुपयांप्रमाणे ९००. बीड आणि लोखंड १२ किलो, ३० रुपयांप्रमाणे ३६०. अर्धा किलो कचरा. एकूण १,२६० रुपये. फोडायची मजुरी २०० धरली तर सुटले ३६०.

तिसरा रस्ता: रिवाइंडिंग करून घेतलं, बेअरिंग आणि सील बदललं. खर्च १,५०० रुपये. तीन महिन्यांच्या हमीवर ३,००० रुपयांना विकला. सुटले ८००.

बघितलंत? वस्तू तीच, माणूस तोच. पण १४०, ३६० आणि ८००. भट्टीचा यात कुठे संबंधच आला नाही.

आणि दुसऱ्या रस्त्यातला सापळाही बघून ठेवा. स्वस्त मोटारींत पुष्कळदा तांब्याऐवजी अॅल्युमिनियमचं वाइंडिंग असतं. वरचं वॉर्निश तांबूस दिसतं, त्यामुळे फसायला होतं. तारेवर ब्लेडने थोडं खरवडा. आतून पांढरं चमकलं तर ते अॅल्युमिनियम. समजा आत ७०० ग्रॅम अॅल्युमिनियम निघालं, १५० रुपयांप्रमाणे १०५. अधिक लोखंडाचे ३६०. एकूण ४६५. तुमचा खर्च ९००. म्हणजे ४३५ रुपयांचा खड्डा! तेव्हा घेण्याआधी खरवडायची सवय लावा. हातात ब्लेड नसेल तर भाव बोलू नका.

तिसऱ्या रस्त्यालाही अट आहे. दुरुस्त केलेला पंप घ्यायला गिऱ्हाईक पाहिजे. गिऱ्हाईक आधी शोधा, दुरुस्ती नंतर करा. दहा पंप दुरुस्त करून पडवीत ठेवले तर तो धंदा नाही, ते संग्रहालय आहे.

दुसरी पायरी: निवड. इथेच धंदा आहे

जे वस्तू म्हणून विकणार नाही, ते निवडायचं. भंगाराच्या धंद्यात तुमचा खरा कारखाना म्हणजे तुमची नजर आणि खिशातला लोहचुंबक.

लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद. स्टेनलेस स्टीलमध्ये मात्र सावध राहा. भांड्यांच्या चांगल्या प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, आणि काही कमी भावाच्या प्रतींनाही चिकटत नाही. म्हणजे ‘चिकटलं नाही, तर माल भारी’ असं समजू नका.

पिवळं दिसलं की पितळ म्हणू नका. कानशीने घासा. लोखंडावर किंवा जस्तावर नुसता पिवळा मुलामा असू शकतो. नळाच्या जुन्या तोट्या हातात घेऊन बघा. काही पितळी असतात, काही जस्ताच्या मिश्रणावर चकाकी दिलेल्या. दोन्हींच्या भावात मोठा फरक.

अॅल्युमिनियम, म्हणजे आपल्या आयांच्या भाषेत ‘जर्मन’, यातही जाती आहेत. खिडकीचे सेक्शन वेगळे, जुनी भांडी वेगळी, इंजिनाचे ओतीव भाग वेगळे, वायर वेगळी. चारही एका गोणीत भरलेत तर सगळ्यात हलक्या जातीचा भाव मिळेल. गोणीचा भाव नेहमी तिच्यातला सगळ्यात वाईट तुकडा ठरवतो.

आता हिशेब. समजा एका गाळ्यातून १०० किलो मिश्र माल ६० रुपये किलोने उचलला. मालाचे ६,००० आणि टेम्पोचे ५०० रुपये.

न निवडता ६५ रुपयांनी विकला: ६,५०० रुपये. नफा शून्य! दिवसभर टेम्पो फिरवला आणि घरी रिकाम्या हाताने आलात.

निवडून विकला: लोखंड ७० किलो, ३० रुपयांनी २,१००. अॅल्युमिनियम २० किलो, १५० रुपयांनी ३,०००. पितळ ६ किलो, ४०० रुपयांनी २,४००. तांबं २ किलो, ६०० रुपयांनी १,२००. कचरा २ किलो. एकूण ८,७०० रुपये. निवडायची मजुरी ७०० वजा केली, खरेदी आणि टेम्पो वजा केला. हातात १,५०० रुपये.

हे १,५०० रुपये कुठून आले? ना भट्टीतून, ना मोठ्या मशिनमधून. दोन माणसं, चार पिंपं, एक चुंबक, एक कानस आणि प्रामाणिक काटा. काटा मात्र वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारून घेतलेलाच हवा. काट्यात खोट काढून कमावलेला पहिला पैसा हा तुमच्या नावाचा शेवटचा पैसा असतो.

तिसरी पायरी: हमाली आणि अडकलेला पैसा

गेममध्ये मोठी लढाई जिंकली की नवखा खेळाडू खूश होतो. मैदानभर लोखंड! तो सगळ्यांना उचलायला लावतो. मग होतं काय? सगळे बुटके ओझी वाहण्यात गुंततात. शेतावर कोणी नाही, स्वयंपाकाला कोणी नाही, दारू गाळायला कोणी नाही. लोखंडाच्या ढिगाऱ्याशेजारी किल्ला उपाशी.

तुमच्या धंद्यातही हेच होतं. “स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं” हे वाक्य भंगारवाल्याला बुडवतं. हलकं आणि जागा खाणारं भंगार, उदाहरणार्थ पत्र्याचे डबे आणि कपाटं, टेम्पो भरून टाकतं आणि काट्यावर मात्र काहीच दिसत नाही. म्हणून घेताना किलोचा भाव एकटा बघू नका. ‘एका टेम्पोत किती रुपये बसतात’ हे बघा.

आणि तिसरा नियम आठवतोय ना? लादीचा अपुरा भाग भट्टीच्या खात्यात पडून राहतो. तुमच्या पडवीतल्या चार किलो पितळाचं तेच आहे. चार किलोला मोठा व्यापारी चांगला भाव देत नाही, म्हणून तुम्ही पन्नास किलो व्हायची वाट बघता. तोवर पैसा अडकला. मग दर सोमवारी वहीत एक ओळ लिहा: कुठल्या धातूत किती रुपये अडकलेत, आणि किती दिवसांपासून. लाखाच्या भांडवलातले सत्तर हजार पिंपात पडलेले असतील, तर गाळ्याचा चांगला लॉट समोर आला तरी तुम्ही नुसते बघत राहाल.

भाव वाढेल म्हणून तांबं दाबून ठेवायचा मोह तर हमखास होतो. लक्षात घ्या, तांब्याचा भाव लंडनच्या धातू बाजारावर हलतो. मुंबईत पायधुनीजवळच्या तांबा काट्यावरचा व्यापारीही त्या भावाकडे बघूनच बोलतो. तो भाव तुमच्या-माझ्या हातात नाही. आपल्या हातात आहे ती माल फिरवायची गती.

आता भट्टी!

तीन पायऱ्या झाल्या. मग भट्टी टाकायची का? परत हिशेब करू. समजा १०० किलो मिश्र अॅल्युमिनियम १५० रुपयांनी घेतलं: १५,००० रुपये. इंधन, मजुरी, मूस आणि किरकोळ मिळून २,२०० रुपये. एकूण खर्च १७,२००.

वितळवताना रंग, तेल, माती जळते. पातळ तुकड्यांचा काही धातू हवेशी संयोग होऊन राखेसारख्या मळीत जातो. समजा १२ किलो घट आली. ८८ किलो लादी निघाली. मिश्र मालाची लादी, म्हणून भाव १८५ रुपये. आले १६,२८०. तोटा ९२० रुपये!

तोच माल एका जातीचा, स्वच्छ, जाड असता तर? समजा घट ५ किलो. ९५ किलो लादी, भाव १९० रुपये, आले १८,०५०. नफा ८५० रुपये. पण स्वच्छ माल विकणारा १५० रुपयांनी कशाला देईल? किलोला फक्त नऊ रुपये जास्त मागितले तरी नफा गेला. फरक पाडला निवडीने. भट्टीने फक्त तो फरक दाखवला.

गेममधला दुसरा नियम इथे जसाच्या तसा लागतो. भट्टी तापवायचा खर्च मालाकडे बघत नाही. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १,०८५ अंशांना, लोखंड १,५३८ अंशांना. अर्धी मूस भरून तापवलीत तरी भट्टी, माणूस आणि वेळ पूर्ण लागतो. म्हणून लोखंड वितळवायचं काम मोठ्यांचं. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगारापासून सळया बनतात, त्या टनांच्या हिशेबाने आणि विजेच्या मोठ्या भट्ट्यांत. राजोडीच्या पडवीत ते गणित बसत नाही.

आणि आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. जीव.

वितळलेल्या धातूत ओला तुकडा पडला तर पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. पावसाळ्यात, किनाऱ्याच्या दमट हवेत, उघड्यावर ठेवलेलं भंगार ओलं असणारच. बंद डबा, शॉकअॅब्सॉर्बर, गॅसची टाकी, बंद तोंडाचा पाइप हे भट्टीत किंवा कटरखाली गेले तर स्फोट होऊ शकतो. पितळात जस्त असतं, आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं. पितळ तापवताना निघणारा पांढरा धूर हा त्या जस्ताचा. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आणि घराच्या मागे पोरंबाळं खेळतात, शेजाऱ्यांचे कपडे वाळतात. तिथे भट्टी हा विचारच सोडा.

भट्टी कधी योग्य? चार गोष्टी जुळल्या तरच. एकाच जातीचा माल दर महिन्याला ठरावीक मिळतोय. लादी घेणारा कारखाना आधीच लेखी तयार आहे. जागा औद्योगिक आहे. आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन्ही संमती हातात आहेत. यातली एक जरी नसेल, तर भट्टी तुमचा माल नाही, तुमचं भांडवल वितळवेल.

गॉब्लिनाइट कुणाचं आहे, हे विचारा

गेममध्ये मैदानात पडलेलं सगळं आपलंच. इथे तसं नाही! रात्री कोणी रस्त्यावरच्या गटाराचं बिडाचं झाकण घेऊन आला, कोणी सोललेली केबल, कोणी रेल्वेचा तुकडा, तर काटा लावायचा नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. प्रत्येक विक्रेत्याचं नाव, फोन, मालाचं वर्णन आणि तारीख वहीत. शंका आली तर सौदा सोडा.

बाकीची कागदपत्रंही नीट समजून घ्या:

• उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

• वस्तूंच्या व्यापारात वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगाराला खास नियम आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने माल घेतला तर कर खरेदीदाराने भरायचा. आणि दोघेही नोंदणीकृत असतील व सौदा अडीच लाखांच्या वर असेल, तर खरेदीदार दोन टक्के टीडीएस कापतो. हे पैसे बुडत नाहीत, पण काही काळ तुमच्या हातात नसतात. रोकड मोजताना धरा, आणि सीएला विचारून घ्या.

• बॅटऱ्या, एसी, फ्रिज, कॉम्प्युटर फोडायचे नाहीत. त्यांना २०२२ चे वेगळे नियम आहेत. तो माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायचा. बॅटरीतलं आम्ल आणि शिसं यांच्याशी खेळ नको.

• जुनी गाडी अख्खी मोडायचा परवाना फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला असतो.

हल्ल्याची वाट बघू नका

गेममध्ये गॉब्लिन कधी येतील हे त्यांच्या मर्जीवर. त्यामुळे लोखंडाचा पुरवठा कधी पूर, कधी दुष्काळ. फेरीवर अवलंबून असलेल्या भंगारवाल्याचंही तेच. म्हणून पाच-सहा गाळ्यांशी ठरलेला वार बांधा. “दर शनिवारी येतो, तुमच्यासमोर काटा लावतो, पैसे जागेवर.” लेथवाल्याला तुमच्या भावापेक्षा त्याच्या गाळ्यातली जागा वेळेवर मोकळी होणं जास्त महत्त्वाचं असतं. त्याला दोन गोण्या नेऊन द्या. एकीत पितळाचा चुरा, दुसरीत लोखंडाचा. चुरा मिसळण्याआधीच वेगळा पडला, तर तुमची निम्मी निवड त्याच्याच मशिनपाशी झाली. त्या बदल्यात किलोला दोन रुपये जास्त द्या. तोही खूश, तुम्हीही.

रिसॉर्टवाल्यांशी बोलताना वेळ बघा. सीझनच्या आधी ते सामान बदलतात. तेव्हाच जुन्या खाटा आणि भांडी निघतात, आणि त्यातली बरीच धुऊन-पुसून, वेल्डिंग मारून पुन्हा विकण्याजोगी असतात.

या महिन्याचा गृहपाठ

पहिला आठवडा: काहीही विकत घेऊ नका. तीन भंगारवाल्यांकडे जाऊन लोखंड, बीड, पितळ, तांबं आणि चार जातींचं अॅल्युमिनियम यांचा घ्यायचा आणि द्यायचा भाव लिहून आणा.

दुसरा आठवडा: घरातल्या आणि शेजारच्या वीस वस्तू घ्या. चुंबक, कानस, ब्लेड लावून धातू ओळखा. मग जाणकाराकडून तपासून घ्या. वीसपैकी अठरा बरोबर आल्याशिवाय पैसे गुंतवायचे नाहीत.

तिसरा आठवडा: वालीव-सातिवलीत दहा गाळ्यांत जा. भाव विचारू नका. फक्त विचारा, “तुमच्याकडे काय पडतं, किती पडतं, आणि सध्याच्या माणसाबद्दल काय तक्रार आहे?” तुमचा धंदा त्या तक्रारीत आहे.

चौथा आठवडा: फक्त १०० किलोचा एक लॉट घ्या. तीन ढीग करा. वस्तू म्हणून विकायचं, निवडून विकायचं, आणि कचरा. प्रत्येक ढिगाचे रुपये वेगळे लिहा. शेवटी वहीत बघा, किलोमागे सगळ्यात जास्त पैसा कुठल्या ढिगाने दिला.

ती वही भरली की भट्टीचा प्रश्न मला विचारायची गरजच पडणार नाही. उत्तर तुमच्याच अक्षरात समोर असेल.

चला, चुंबक खिशात टाका आणि कामाला लागा. पुढच्या भागात बघू गाळेवाल्याशी भाव कसा बोलायचा, आणि पहिल्या सौद्यात उधारी का द्यायची नाही. तोपर्यंत, जय उद्योग!